कॉन्स्टन्सवाल्या भूगोलबाई

शारजात, अल मजाजच्या उंच इमारतींमध्ये खालिद लगूनच्या पाण्याकडे तोंड असलेल्या घराला जास्त भाव असतो. आमच्या भूगोलबाईंच्या खोलीला तशी खिडकी होती आणि बाई कायम तिच्याकडे पाठ करून बसत. "काय सुंदर तळं दिसतं हो तुमच्याकडून," असं कुणी म्हटलं की मान न वळवता म्हणत, "ते तळं नव्हे. समुद्राला आत बोलावून बसवलंय. तळ्याला नदी लागते. एक येणारी, एक जाणारी."

त्यांचं तळं दुसरं होतं. आल्प्सच्या पायथ्याचं कॉन्स्टन्स सरोवर. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया असे तीन देश त्याच्या काठाला. सगळा युरोप बाई घाईघाईने उरकत आणि या एका सरोवरापाशी येऊन थांबत. दक्षिणेला बर्फाची शिखरं, उत्तरेला उतरत्या टेकड्या आणि सफरचंदांच्या बागा. डोंगरावरून मधूनच उबदार वारा उतरतो आणि शांत पाणी खवळतं. बाहेर उन्हाने तापलेल्या खेळाच्या मैदानावर कुणी पाय ठेवू शकत नसे आणि आत आम्ही हुडहुडी भरल्यासारखे त्या शिखरांची नावं घोकत असू.

ऱ्हाइन नदी सरोवरात कशी शिरते, हे त्या फळ्यावर शिकवत नसत. घरून काचेचं मोठं भांडं आणत. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते आणि नळाला पोळणारं पाणी येतं. त्या पाण्याचं सरोवर. मग फ्रीजमधल्या बाटलीत शाळेमागची धूळ कालवून ती नदी एका कडेने हळूच सोडायची. गढूळ गार पाणी वर पसरत नसे, तळाशी जाऊन सरपटत राही.

"बघा," बाई म्हणत, "नवी आलेली नदी लगेच मिसळत नाही. गार असते, गाळ घेऊन आलेली असते. खाली दबून चालते."

आमच्यातल्या निम्म्यांचे बाप असेच आले होते. पुढचं वाक्य मात्र मला तेव्हा आवडलं नव्हतं: "आणि जी नदी तळ्याला जगवते, तीच त्याला गाळाने बुजवते. घाई नसते तिला."

पण बाईंचा जीव खरा अडकला होता तो एका न काढलेल्या रेघेत. या सरोवराच्या मोठ्या, वरच्या भागात तिन्ही देशांनी आपसात सीमा ठरवलेलीच नाही. एक म्हणतो, मध्यावर आमची हद्द. दुसरा म्हणतो, पाणी सगळ्यांचं. तिसरा स्पष्ट काही बोलतच नाही. आणि तरीही बोटी चालतात, मासे धरले जातात, कुणी कुणाला बुडवत नाही. आपण कुठे किती दिवस राहायचं हे व्हिसाच्या कार्डावर छापून येतं, अशा गावात वाढलेल्या मुलांना हे सांगणं साधी गोष्ट नव्हती. बाई नकाशा काढायला लावत आणि बजावत, "काठापर्यंत रेघ न्या. पाण्यात रेघ मारायची नाही. जे ठरलंच नाही, ते आपण ठरवायचं नाही."

बाईंनी स्वतः ते सरोवर कधी पाहिलं नाही. एकदा व्हिसासाठी अर्ज केला होता. एकटी बाई, परत जाईल याची खात्री नाही, म्हणून नाकारला गेला. "पाण्यात रेघ मारणं जमलं नाही त्यांना," बाई हसून म्हणाल्या होत्या, "काउंटरवर बरोब्बर जमलं." त्या हसल्या होत्या. मला आजही हसू येत नाही.

गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण अनन्या त्यांच्या वर्गात होती. सहामाही परीक्षेत नेमका तोच नकाशा आला. पेपर शाळेच्या दुसऱ्या शाखेत तपासले गेले आणि छापील उत्तरात सरोवराच्या मधून ठसठशीत सीमा होती. बाईंच्या सगळ्या वर्गाचे दोन-दोन मार्क गेले. पालकांचा ग्रुप पेटला. आमची आई त्यात पुढे होती.

"आई, इट्स जस्ट टू मार्क्स," अनन्या म्हणाली.

"तू गप्प बस. आज दोन, उद्या ॲडमिशन."

मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून सांगितलं, वर्गात जा, सगळ्यांसमोर रेघ मारा आणि माझं चुकलं म्हणा, मॅटर खलास. बाई वर्गात गेल्या. फळ्यावर सरोवर काढलं, तिन्ही देशांची नावं लिहिली आणि मार्कर खाली ठेवला. अनन्याने घरी येऊन सांगितलं, "शी जस्ट स्टुड देअर. मग म्हणाल्या, त्या देशांनी ठरवलं की तुम्ही मारा. मी नाही मारणार."

करार वाढवला गेला नाही. करार नाही म्हणजे व्हिसा नाही, व्हिसा नाही म्हणजे देश सोडा. एवढी वर्षं ज्या गावात मुलं शिकवली, तिथे त्या शेवटपर्यंत पाहुण्याच होत्या. शाळेने फुलांचा गुच्छ दिला. हकालपट्टीलाही आजकाल गुच्छ असतो.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन माझ्याबरोबर आली. उघड्या बॅगांच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "बाई, देवाशपथ, मी फक्त मार्कांचं बोलले होते हो."

"ठाऊक आहे. बसा. कपबशा भरल्यात, चहा ग्लासातून चालेल ना?"

आईला राहवलं नाही. "एक रेघ मारली असती तर काय बिघडलं असतं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "एक मारली असती. मग सांगतील तिथे दुसरी मारायला हात तयार झाला असता."

आईने चहा संपवला नाही. परत येताना लिफ्टमध्ये, तुझी काही चूक नाही, असं म्हणून मी तिची सुटका केली नाही.

बाई मिरजेला भावाकडे गेल्या. वार्षिक परीक्षेत नव्या सरांनी पुन्हा तोच नकाशा घातला. अनन्याने पट्टी लावून सरोवराच्या मधून सरळ रेघ मारली. पूर्ण मार्क. आईने पेपर पाहिला, घडी घातली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी अनन्यावर ओरडले, नको ते बोलले. ती रडत एवढंच म्हणाली, "मग मी काय करायला हवं होतं?"

त्या आठवड्यात मी बाईंना फोन केला. मागे कुणाचा तरी टीव्ही मोठ्याने चालू होता. बाईंनी आधी विचारलं ते अनन्याच्या पेपरचं. खोटं बोलणं मला जमलं नाही. मी सगळं सांगितलं आणि रागाने म्हणाले, "तुमच्या वर्गातली मुलगी, बाई. तिने तरी ती रेघ मारायला नको होती."

बाईंनी कुणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "तिला रागावू नकोस गं. तिला तिथे राहायचंय."