वामनराव दंडिगे यांचा नेम

रविवारी सकाळी वामनराव दंडिगे खांद्याला कापडी पिशवी अडकवून नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीतून निघाले, की ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या बायकांपैकी एखादी हमखास म्हणायची, "निघालं वं देवकीबाईचं लेकरू खेळाले."

देवकीबाई म्हणजे त्यांची बायको. वामनरावांना ते ऐकू जायचं. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, सरकारी कचेरीत कारकून, डोक्याला काळी टोपी, पायात करकरणारे जोडे. आणि पिशवीत गलोल. आमच्याकडे तिला गुल्लेर म्हणतात, आणि गुल्लेर म्हणजे शाळा बुडवणाऱ्या पोरांनी चिंचा पाडायची चीज. मोठा माणूस बंदूक धरतो, नाहीतर काहीच धरत नाही. वामनरावांसाठी त्या गल्लीत तिसरी जागा नव्हती.

हा नाद त्यांना लागला तो आजारपणामुळे. विषमज्वरातून उठल्यावर त्यांच्या हातांत त्राण राहिलं नव्हतं, दौतीत टाक बुडवताना बोटं थरथरत. वैद्यांनी रोज काहीतरी ताणायला सांगितलं. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधला, आठ दिवसांत त्या ताणण्याला कंटाळले, आणि जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाचं एक दोन फाट्यांचं दुबेळकं तोडून त्याला तोच पट्टा लावला. हात महिनाभरात बरे झाले. गलोल राहिली.

मी श्रीधर. त्यांच्या समोरच्या घरात राहायचो, शाळेत भूगोल शिकवायचो. छत्तीस साली मी सव्वीस वर्षांचा होतो. एका रविवारी सहज त्यांच्याबरोबर गेलो. रामदासपेठेच्या पलीकडे तेव्हा रान होतं. वामनरावांनी बाभळीच्या फांदीला सुतळीनं एक पणती टांगली, वीस पावलं मागे आले, पिशवीतून मातीची गोळी काढली. ह्या गोळ्या ते स्वतः वळत, सावलीत वाळवत, चुलीत भाजत. त्यांनी पट्टा कानापर्यंत ओढला, श्वास सोडला, आणि पणती फुटली. वाऱ्यानं हलत असलेली पणती. मग दुसरी टांगली. तीही फुटली. मी पाहतच राहिलो.

"पाखरं मारता का?" मी विचारलं.

"काहून? पाखरानं माझं काय केलं?"

त्यांच्याजवळ एक वही होती. तारीख, वेळ, जागा, पावलं, किती गोळ्या मारल्या, किती लागल्या, सोबत कोण होतं, सगळं त्यात वळणदार अक्षरात लिहिलेलं असे. पंचवीसपैकी चोवीस. पंचवीसपैकी पंचवीस. 'सोबत कोण' ह्या जागी वर्षानुवर्षं नुसती आडवी रेघ होती. त्या रविवारी त्यांनी तिथे माझं नाव लिहिलं, आणि मला वाटतं, ते लिहिताना त्यांना फार बरं वाटलं.

मग त्यांच्या डोक्यात मंडळ काढायचं आलं. 'नागपूर गलोल मंडळ.' त्यांनी एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं, की हा खेळ गरिबालाही परवडतो, डोळा आणि मन स्थिर करतो, प्रौढांनी यात लाज मानू नये, इच्छुकांनी भेटावं. साप्ताहिकानं पत्र छापलं, पण विनोदाच्या सदरात. वर मथळा दिला, 'प्रौढांनो, विटी-दांडूही आणा!' त्या पत्रावरून चारपाच माणसं भेटायला आली, ती वामनराव कसे दिसतात ते पाहायला.

खरे सभासद मोजून चार झाले. वामनराव, मी, त्यांच्याच कचेरीतले गोपाळराव, आणि कळमेश्वरचा नत्थूजी. गोपाळराव हसतमुख माणूस, कुठल्याही नव्या गोष्टीत चार महिने असायचे. नत्थूजीचा संत्र्याचा आणि जामाचा बगीचा होता, वामनराव दुबेळकी आणायला त्याच्याकडे जात. तो गोफण चालवण्यात तयार होता. पण मंडळाचा नियम ऐकून तो चक्रावला.

"पाखरू मारायचं नाही, त मंग गुल्लेर कायले पाह्यजे गा?"

"नेम लागतो की नाही ते पाहायला."

"अन् लागला त?"

"मग आणखी पाच पावलं मागे जायचं."

नत्थूजीनं मान हलवली. "तुमचं डोस्कं बामनाचं आहे, वामनरावजी," तो म्हणाला. पण यायचा. मंडळ यापुढे वाढलं नाही. कुणी म्हणे, जीव घेण्याचं हत्यार आहे, घरात नको. कुणी म्हणे, जीवच घ्यायचा नाही तर हत्यार कशाला. जे मुलांना मारून मुटकून गलोल टाकायला लावत, ते स्वतः हातात कशी घेणार?

अडतीसच्या हिवाळ्यात कचेरीचे वार्षिक खेळ होते. गोपाळरावांनी साहेबांकडे शब्द टाकला आणि गलोलीला दहा मिनिटं मिळाली, पोत्यांची शर्यत आणि लिंबू-चमचा यांच्या मध्ये. वामनरावांनी त्यासाठी दोन महिने सराव केला. त्या दिवशी धुतलेला कोट घातला. देवकीबाई आणि मी कनातीजवळ उभे होतो. दहा पणत्या टांगल्या होत्या. वामनराव पुढे आले तेव्हाच हशा सुरू झाला. पहिली फुटली, दुसरी फुटली, पाचवीनंतर हशा थांबला. दहावी फुटली तेव्हा मैदान गप्प होतं, आणि मला वाटलं, आता टाळ्या पडतील.

तेवढ्यात साहेब खुर्चीतून म्हणाले, "व्हेरी गुड! हे बाबू गोट्यापण खेळतात काय?"

मग जो हशा झाला तो पुढे कितीतरी महिने चालला. बक्षीस म्हणून त्यांना एक पत्र्याची शिट्टी दिली. कचेरीत त्यांचं नाव 'गुल्लेरबाबू' पडलं. देवकीबाईंना हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, "त्यांना अजून दुधाचे दात आहेत का हो?" एरवी पट्ट्याचं गोळी धरायचं चामडं त्याच शिवून देत. त्या वर्षी त्यांनी ते मोच्याकडून घ्यायला सांगितलं.

गोपाळरावांनी येणं सोडलं. मी मात्र जात राहिलो, अधूनमधून.

बेचाळीसचा ऑगस्ट आला. नेत्यांना धरल्याची बातमी पसरली आणि शहर पेटलं. शाळा बंद, कचेऱ्या ओस. त्या गुरुवारी सकाळी वामनराव माझ्या दारात आले. "घरात बसून डोकं फिरून राहिलं. येता का?" गेलो. नऊ ते अकरा आम्ही रानात होतो. चिखल होता, पट्टाही जुना, कारण लढाईमुळे रबर मिळत नव्हतं. वामनरावांचे पंचवीसपैकी एकोणीस लागले आणि ते स्वतःवरच चिडले. वहीत तसं लिहिलं, खाली माझं नाव लिहिलं.

त्याच सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या गल्लीपासून थोड्या अंतरावरच्या चौकात जमावानं पोलिसांवर दगडफेक केली. एका शिपायाच्या डोळ्यात टोकदार गिट्टी घुसली. डोळा गेला. फौजदाराचं म्हणणं पडलं, की गिट्टी लांबून, माडीवरून, लोकांच्या डोक्यांवरून आली, हातानं फेकलेली नव्हती, गलोलीची होती. मग त्यानं विचारलं, ह्या भागात गलोल चांगली कोण मारतं?

शहरात गलोलीचे शौकीन शेदोनशे असते तर त्याला शोधत बसावं लागलं असतं. पण सगळ्यांना एकच नाव माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घराची झडती झाली. सात गलोली, डबाभर गोळ्या आणि वही. वामनराव सांगत होते, "साहेब, मी गिट्टी वापरत नाही. मातीची गोळी वापरतो. ही पाहा." फौजदारानं वही उघडली आणि मोठ्यानं वाचलं, "पंचवीसपैकी पंचवीस." त्यानं वर पाहिलं. "एवढा नेम पुऱ्या जिल्ह्यात कोणाचा आहे?"

इतक्या वर्षांत त्यांचा नेम कुणी मान्य केला असेल तर तो असा.

गोपाळरावांना बोलावलं. त्यांनी खरं तेच सांगितलं, की हो, दहापैकी दहा पणत्या फोडताना मी पाहिलं आहे. नत्थूजी कोणी न बोलावता कळमेश्वरहून आला आणि चौकीत ओरडला, "हा मानूस मैनेले मारत नाही, शिपायाले काय मारन?" त्याला धक्के देऊन बाहेर काढलं.

मग मला बोलावलं. वहीत माझं नाव होतंच. फौजदारानं पान माझ्यासमोर धरलं. वामनराव बाकावर बसले होते. मी आत आल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरलेलो नाही.

"ह्या दिवशी नऊ ते अकरा तुम्ही यांच्याबरोबर होता?" फौजदारानं विचारलं. आणि मी उत्तर देण्याआधीच म्हणाला, "मास्तर, विचार करून सांगा. होता म्हणाल, तर मग दोघं मिळून कुठे होता, तेही विचारावं लागेल. तुमची शाळा सरकारी मदतीची आहे ना?"

माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून सांगायला माझ्याजवळ काहीच नाही.

मी म्हणालो, "आम्ही जात असू कधीकधी. पण तो दिवस कोणता, वेळ कोणती, ते मला नक्की आठवत नाही."

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

चार दिवस सगळ्या शहराच्या तोंडी गलोल होती. आयांनी पोरांच्या गलोली चुलीत घातल्या. मीही माझी घातली. वामनरावांना दीड वर्षाची सजा झाली. नोकरी गेली ती कायमची. देवकीबाईंना नत्थूजी बैलबंडी घेऊन न्यायला आला आणि बगीच्यातली एक खोली त्यानं त्यांना दिली. वामनराव सुटल्यावर तिथेच गेले. मजुरांची हजेरी घेत, संत्र्याच्या पेट्यांवर नावं घालत. तुरुंगात चक्की ओढून त्यांच्या उजव्या खांद्यातलं काहीतरी तुटलं होतं, हात छातीच्या वर जात नसे. हे मला नत्थूजीकडून कळलं. मी तिकडे गेलो नव्हतो.

गेलो तो सत्तेचाळीसच्या ऑक्टोबरात, आणि तोही गोपाळरावांबरोबर. देश स्वतंत्र झाला होता. बेचाळीसच्या चळवळीत ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांना परत घेणार होते. गोपाळराव आता हेडक्लार्क होते, त्यांनी स्वतः छापील अर्ज आणला होता.

वामनराव संत्र्यांच्या ढिगाजवळ बसले होते. पन्नाशीचे नाही, सत्तरीचे दिसत होते. "बावन्न पूर्ण होतील मला," ते म्हणाले, जणू मी मनात काढलेला आकडा त्यांनी वाचला. आम्हाला बसायला बारदाना दिला.

गोपाळरावांनी अर्ज पुढे केला. "फक्त सही करायची, वामनराव. बाकी मी भरलं आहे. पाच वर्षांचं सगळं भरून निघेल."

वामनरावांनी अर्ज वाचला. "यात लिहिलं आहे की मी देशासाठी शिपायाला जखमी केलं."

"मग काय झालं? आता त्याचा मान आहे. तुमचा सत्कार करायचं म्हणून राहिले लोक."

"मी मारलं नाही, गोपाळराव."

"कोण विचारते आता?"

"म्हणून तर लिहून देता येत नाही. तुम्ही असं लिहा की दंडिगे निर्दोष होते, खोटी सजा झाली, म्हणून परत घ्यावं."

गोपाळरावांनी कागद उलटसुलट केला. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "तसा रकाना नाही यात. निर्दोष असाल तर तुम्ही चळवळीत नव्हता. चळवळीत नसाल तर ह्या हुकुमात बसत नाही."

तेव्हा मी बोललो. पाच वर्षं जे घोकत होतो ते. "वामनराव, मी लिहून देतो. त्या गुरुवारी नऊ ते अकरा मी तुमच्यासोबत होतो. कुठेही येऊन सांगतो."

ते हसले. इतकं कोरडं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

"आता आठवलं? आता सांगाल, तर ही नोकरी नक्कीच मिळणार नाही, श्रीधरपंत. तेव्हा खरं सांगितलं असतं तर मी सुटलो असतो. आता सांगितलं तर बुडतो. तुमचं खरं दोन्ही वेळेला माझ्या कामी आलं नाही."

आतून देवकीबाईंचा आवाज आला, "करा ना सही."

"त्या शिपायाचा डोळा माझ्या नावावर लिहून देऊ?" वामनराव दाराकडे न पाहता म्हणाले. "तो पुढे कळमन्याकडे राहतो म्हणतात. उद्या भेटला तर काय सांगू?"

"त्यानं विचारलं होतं का, तुम्ही तुरुंगात गेले तेव्हा?"

वामनराव उठले, एका पेटीवर नाव घालायला बसले, डाव्या हातानं उजवं कोपर धरून. आम्ही तिथे आहोत हे ते विसरले असावेत, किंवा तसं त्यांना दाखवायचं असावं.

आम्ही निघालो. फाटकापर्यंत आलो तेव्हा मागून देवकीबाई भरभर चालत आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. गोपाळरावांच्या हातातला अर्ज घेतला, उन्हात धरून खालची सहीची रेघ पाहिली.

"भावजी," त्यांनी गोपाळरावांना विचारलं, "नवऱ्याच्या जागी बायकोची सही चालते का?"

"नाही चालत, वहिनी," गोपाळराव म्हणाले.

त्यांनी कागदाची नीट घडी केली, परत दिली, आणि आत गेल्या.