बिस्किटांच्या डब्यातला खजिना

आमची आत्या उत्खननावर माती चाळायची, अठ्ठावीस वर्षं. टेकडीखाली प्राचीन राजांचा खजिना आहे, सोन्याचं सिंहासन आहे, मोत्यांनी भरलेले रांजण आहेत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगे. आत्या म्हणे, असेल तर सापडेल, आधी माती नीट चाळा.

तिची शिस्त कडक. प्रत्येक पाटी दोनदा चाळायची. कुठला खड्डा, किती खोल, ही चिठ्ठी नसेल तर पाटीला हात लावायची नाही, मग ती खुद्द साहेबांनी का आणलेली असेना. चिठ्ठ्या लिहायचं काम माझं. एकदा आकडा चुकला, तर तिने चारचौघांत माझा कान पिरगळला. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो.

पण ही टेकडी तीन वर्षं खणूनही सोन्याचा कण दिसेना. शेवटी वरून पत्र आलं: महिनाअखेर खजिन्याचा पुरावा द्या, नाहीतर काम बंद. साठ जणांचं पोट त्या टेकडीवर होतं. आम्ही सगळे पिवळं काही चमकतंय का तेवढंच बघायचो आणि भाजलेल्या मातीचे गोळे खुशाल ढिगाऱ्यावर फेकायचो. गाढवाला गुळाची चव काय!

शेवटच्या आठवड्यात आत्या बिस्किटांचे सात पत्र्याचे डबे घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. आत तसलेच गोळे, तिच्या चाळणीत आलेले, प्रत्येकाला त्याच्या पाटीची चिठ्ठी बांधलेली. हे कशाला ठेवलंत, असं साहेबांनी विचारलं.

"ढेकळावर दोरीचा वळ कसा उठेल, साहेब? कुणीतरी काहीतरी बांधून वर माती थापलीय."

साहेबांनी गोळा उलटा केला. मागे राजाचा शिक्का होता. त्यांनी खड्ड्यांचा नकाशा मागवला. चिठ्ठ्या नकाशावर मांडल्या, तर सगळे गोळे एकाच दालनातले निघाले. खजिन्याची दारं आणि पोत्यांची तोंडं बंद करून त्यांवर लावलेल्या त्या मोहरा होत्या. लुटारूंनी मोहरा फोडल्या, सोनं नेलं, दालन पेटवलं. आगीत माती भाजली म्हणून टिकली. आमचं काम चालू राहिलं.

एका गोळ्यावर मोहर लावणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा होता. आत्याने त्यात आपला अंगठा ठेवला. नेमका बसला.

"खजिना हिने सांभाळला," ती म्हणाली, "आणि नाव राजाचं."

पुढे संग्रहालयातल्या चिठ्ठ्याही मीच लिहिल्या. त्या गोळ्याच्या चिठ्ठीवर खड्डा लिहिला, खोली लिहिली, आणि कुणालाही न विचारता खाली आत्याचं नाव लिहिलं. ती चिठ्ठीपुढे बराच वेळ उभी राहिली. मग डोळे पुसून तिने खोलीचा आकडा तपासला.