न पाहिलेल्या दाढा

घोड्याचं तोंड उघडायला मला कधीच आवडलं नाही. नाशिकच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीची बरीचशी वर्षं गेली. गाईम्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातले, त्याचं काही वाटायचं नाही. घोडा मात्र चावतो. माझ्या आधीच्या डॉक्टरांच्या बोटाचं एक पेर घोड्याने नेलं होतं, आणि ते उरलेलं बोट कौतुकाने सगळ्यांना दाखवत.

म्हणून मी फक्त पुढचे दात बघायचो. घोडा पाच वर्षांचा होईपर्यंत काम सोपं असतं. कुठला दात पडला, कुठला नवा आला, यावरून वय चुकत नाही. पुढे सगळा झिजेवरचा अंदाज. दाताच्या माथ्यावरचा काळा खड्डा हळूहळू बुजतो. माथा आधी लांबट असतो, मग गोल होतो, म्हातारपणी तिकोनी. टांगेवाले विचारत आणि मी ओठ वर करून आकडा सांगून टाकायचो. मला त्याचा जरा गर्वही होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रिक्षांनी टांगे जवळजवळ संपवत आणले होते. भद्रकालीकडचा एक टांगेवाला आपली तांबडी घोडी घेऊन आला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ती दिसत होती.

"डॉक्टरसाहेब, घोडी खात नाय," तो म्हणाला. "घास चावते आन् तसाच गोळा करून खाली पाडते."

मी ओठ वर केला. खड्डे गायब, माथे तिकोनी. "अठरा वर्षांची आहे. म्हातारपण, दुसरं काय. भिजवलेला भरडा घाल."

"अठरा? साहेब, लग्नात सासऱ्यानं दिली, चार वर्षांची म्हणून. लग्नाला आठ वर्षं झाली. बारा व्हायला पायजेत."

"मग सासऱ्याने दहा वर्षांची गळ्यात बांधली तुझ्या. दात खोटं बोलत नाहीत." आणि वर मी हसत म्हणालो, "धर्माची गाय, आणि दात का नाय!"

बाकावर बसलेले दोघे-तिघे हसले. तो हसला नाही. त्याने केसपेपरवर वय लिहून मागितलं. मी अठरा लिहिलं, सही केली, शिक्का मारला.

चार महिन्यांनी घोडी मेली. मेलेलं जनावर उचलायला दाखला लागायचा, म्हणून मी त्याच्या घरी गेलो. टांगेवाला शेजाऱ्यांबरोबर बाहेर उभा होता. त्याची बायको घोडीच्या डोक्याशी बसली होती. या चार महिन्यांत त्याने सासऱ्याशी बोलणं टाकलं होतं आणि बायकोला आखाजीच्या सणालाही घोटीला माहेरी पाठवलं नव्हतं. हे मला तिथे उभ्याउभ्या शेजाऱ्याने सांगितलं.

"आता तरी नीट बघा साहेब," बायको म्हणाली. "आता चावणार नाय ती."

मी खाली बसलो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये, जिथे लगामाची कडी बसते, तिथली हिरडी मोकळी असते. तिथून हात घातला, जीभ बाजूला ओढली. घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात. वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद, त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा झिजत नाहीत, त्यांना धार चढते. तिच्या दाढांना विळ्यासारखी धार होती. गाल आतून फाटला होता आणि त्या जखमेत चावलेलं गवत दाबून बसलं होतं. दाढा घासायची लांब कानस दवाखान्याच्या कपाटात पडून होती. अर्ध्या तासाचं काम.

मग मला गव्हाण दिसली. तिच्या लाकडी काठाला घोडीने कुरतडून खोल खाचा पाडल्या होत्या. गिऱ्हाईक नाही, टांगा जागेवर, घोडी दिवसभर लाकूड कुरतडत उभी. पुढचे दात वयाने नव्हते झिजले. ती बाराचीच होती.

मी हात धुतला. टांगेवाला वाट बघत होता, शेजारी बघत होते. मी दाखल्यावर लिहिलं, वय अठरा, मरणाचं कारण वार्धक्य. वाईट वाटलं असं म्हणायला मला आवडलं असतं. तेव्हा काही वाटलं नाही. हात गार पडले होते आणि मला घरी जाऊन जेवायचं होतं. पुढेही वर्षानुवर्षं काही वाटलं नाही. फक्त घोडा आला की मी आधी दाढा बघायला लागलो.

दोन हजार सालानंतर, टांगे पार गेल्यावर, ती बाई शेळी घेऊन दवाखान्यात आली. नवरा आता सातपूरला कारखान्यात रखवालदार होता. मी शेळीला इंजेक्शन दिलं, आणि कोणी विचारलं नसताना बोलून गेलो, "ताई, ती घोडी बारा वर्षांचीच होती. माझी चूक झाली."

"मला ठाऊक हाय की," ती म्हणाली. "माझ्या माहेरच्या अंगणातच जन्मली ती. तिचा पहिला दुधाचा दात मीच कौलावर टाकला, पोरांचा टाकतात तसा. ह्यांना लय सांगितलं. हे म्हणायचे, तू डॉक्टर हाय का?" मग शेळीची दोरी हाताला गुंडाळत म्हणाली, "ह्यांना सांगा साहेब. फाटकाशी उभे हायत."

मी फाटकापर्यंत गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. दाढा, गव्हाण, दाखला. तो आरडाओरडा करेल असं वाटलं होतं. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं.

"म्हातारा सासरा आला होता एकदा," तो म्हणाला. "तांदळाचं गाठोडं डोक्यावर घेऊन, घोटीहून. मी उंबऱ्यातनंच परत लावला. पाणीबी नाय विचारलं." मग त्याने विचारलं, "आता तो नाय, साहेब. मी कोणाला सांगू?"