मापाची साखळी

आमचे हे लोहार. डोक्याआधी हात चालायचा. गल्लीत कोणाची जुंपली की सोडवायला म्हणून जायचे आणि दोघांनाही बडवून यायचे. मीठ जास्त झालं म्हणून ताट माझ्या डोक्यावरून भिरकावलेलंही मला चांगलं आठवतंय. जीव लावला तो एकट्या धाकट्या भावाला. हा माझा दीर, डोक्यानं अधू. बिथरला की चावायचा, लाथा घालायचा. ते मात्र हे मुकाट सोसायचे.

एकदा त्यानं शेजारच्या सुताराचा जबडा फोडला. अख्खी गल्ली दारात आली. "उद्यापर्यंत त्याला बांधून घाला, नाहीतर आम्हीच त्याचा निकाल लावतो."

यांनी साखळी घडवली. अंगावर चढायची कुठलीही वस्तू आधी स्वतःला घालून बघायची, ही यांची खोड. एक टोक भिंतीतल्या कडीला अडकवलं, कडं स्वतःच्या पायात घालून कुलूप लावलं आणि एका हातात हातोडा तसाच धरून हिसके देऊन बघू लागले. किल्ली दाराशी खिळ्याला. आणि दारात दीर येऊन उभा!

"दादाला कोणी बांधलं?" तो किंचाळला. घण उचलून साखळीवर घालायला लागला. एक घाव यांच्या नडगीवर बसला. हाड कडकन मोडलं. पुढचा डोक्यातच बसणार म्हणून मी ओरडले, "अहो, मारा त्याला!" यांच्या हातात हातोडा होताच. तो वर गेला. आणि यांनी तो फेकून दिला, भावाला ओढून छातीशी आवळलं. त्यानं खांद्याचा लचका तोडला तरी सोडलं नाही.

"मीच बांधलं रे," हे रडत होते. "ही साखळी तुझ्यासाठी केली होती."

मी कुलूप काढत होते तेव्हा मला म्हणाले, "अगं, मला वाटायचं माझ्यात राग आहे. राग नाही गं. आजवर ज्याला मारलं, त्याला घाबरून मारलं. तुलाही." मला असा संताप आला की त्याच पायावर एक ठेवून द्यावीशी वाटली. मग मीच रडले.

दुसऱ्या दिवशी गल्ली पुन्हा दारात आली. प्लास्टरातला पाय पसरून हे उंबऱ्यात बसले. "तो आत मोकळा आहे, आणि मोकळाच राहील. त्याच्यापाशी मी असेन. आत जायचं तर माझ्यावरून जा."

जबडा बांधलेल्या सुतारानं पुढे येऊन यांच्या थोबाडीत मारली. यांची मूठ वळली. मूठ हळूहळू उघडली. त्यानं पुन्हा मारली. ओठातून रक्त आलं, पण हे हलले नाहीत.

त्यानं परत हात उचलला, तेव्हा मी जाऊन यांच्या शेजारी बसले.