दहा रुपयांचा तास

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांइतका चिक्कू माणूस आदिलाबादच्या कापूस बाजारापासून बेल्याच्या शिवारापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि माझ्याइतकी उधळपट्टीही कुणी केली नसेल, कारण मी उधळलं ते त्यांचं होतं. या वाक्याचा दुसरा अर्धा भाग लिहायला मला तीन दिवस लागले. अनय, गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालास, की पगारातला अर्ध्याहून जास्त भाग बाजूला टाकून चाळिशीत नोकरी सोडायची ठरवली आहेस, आणि "आजी, तू शिस्तीची, मला फायदे-तोटे मांडून दे." मागून रेवा हसत होती, "आजी, दादा मित्रांबरोबर साधी कॉफी पीत नाही गं!" मीही तिच्याबरोबर हसले. फोन ठेवला आणि ते हसू मला ओळखीचं वाटलं. आमच्या स्टाफरूममधलं होतं ते. कागदावर मधोमध रेघ ओढली, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे असं लिहिलं, आणि दोन्हीकडे सरच येऊन बसले. म्हणून आता त्यांच्याबद्दलच लिहिते.

मी मुख्याध्यापिका होते आणि सर माझ्या हाताखाली होते. लग्न केलेलं नव्हतं. अंगावर दोनच सदरे, त्यातल्या एकाची कॉलर विरली तेव्हा उसवून उलटी शिवून घेतलेली. पंचेचाळिशीत नोकरी सोडून बेल्याजवळच्या आपल्या गावी जाऊन राहायचं, हे त्यांनी रुजू झाल्याच्या दिवशीच ठरवलं होतं म्हणे. आमच्या शाळेला पेन्शन नव्हती, तेव्हा पुढचं सगळं आयुष्य आधीच साठवून ठेवायला हवं होतं. गावात एका दिवसाला दोनशे चाळीस रुपये पुरतात, म्हणजे तासाला दहा, असा त्यांचा हिशोब. आणि मग जगातली प्रत्येक वस्तू ते रुपयांऐवजी तासांत मोजायचे. अटेंडर चहाचा ट्रे घेऊन आला की सर हात जोडायचे. "दहा रुपयाचा चहा, म्हंजे माया घरचा एक तास. तास देऊन चहा कोन पिते, मॅडम?" चपला दोन दिवसांच्या. छत्री दीड दिवसाची, तीही पंधरा वर्षं वापरलेली. बसस्टँडपासून शाळेपर्यंत ऑटो वीस रुपये घ्यायचा, सर चालत यायचे आणि कपाळ पुसत सांगायचे, "वीस मिनिटं चाललो, दोन तास वाचले. असा धंदा कोन्या बाजारात नाई." एकदा शिक्षकांची धबधब्यावर सहल ठरली, वर्गणी तीनशे रुपये. सरांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "सव्वा दिवस पडते. एका दिवसाची सहल सव्वा दिवसाले कोन घेते? घाट्याचा सौदा हाये, तुमी जाऊन या." शाळेच्या खडूचे नखाएवढे तुकडेसुद्धा पेनाच्या टोपणात बसवून लिहायचे. मी विचारलं, "सर, खडू शाळेचा, यात तुमचं काय वाचतं?" तर म्हणाले, "इथं सवय मोडली त घरी महाग पडीन."

या माणसाची थट्टा करणं हा आमच्या मधल्या सुट्टीचा फराळ होता, आणि वाढणारी बहुधा मीच. एकदा सगळ्यांसमोर कप उंच धरून मी म्हणाले, "सर, बघा हं, तुमचा एक तास पिते आहे." सगळे खो खो हसले, सरही हसले. मला तेव्हा मी फार विनोदी बाई वाटले होते. एक गोष्ट मात्र डोळ्यांसमोर असून कधी दिसली नाही. दहावीच्या कच्च्या मुलांसाठी हेच सर सकाळी सातला येऊन रोज एक तास जास्तीचा घ्यायचे, वर्षानुवर्षं, एक पैसा न घेता. तो तास त्यांनी कधी मोजला नाही. चहाचा तेवढा मोजायचे, आणि आम्हाला तेवढाच ऐकू यायचा.

मग पंचेचाळिसावं वर्ष आलं आणि सरांनी राजीनामा आणून दिला. तुम्हाला तुमच्या आजीचं टेबल आठवत असेल. प्रत्येक फाईलवर माझ्या अक्षरातली इंग्रजी चिठ्ठी, प्रत्येक कागद तारखेप्रमाणे. राजीनाम्याला समास सोडलेला नव्हता, म्हणून मी तो परत दिला. सरांनी तिथेच बाकावर बसून पुन्हा लिहिला, सुरेख समास सोडून. तो मी संस्थेकडे पाठवायचा होता, कारण तिथे मंजूर झाल्याशिवाय त्यांच्या फंडाचे पैसे सुटत नव्हते. पण दहावीचा गणिताचा निकाल सरांच्या जिवावर होता, आणि निकालाचं कौतुक माझ्या वाट्याला यायचं. मी म्हटलं, "दहावीची परीक्षा होऊ द्या, मग बघू."

"जरा लवकर नाई होनार का, मॅडम? घरी काम हाये."

"नोकरी सोडून घरी बसल्यावर कसलं आलंय काम?"

सर जमिनीकडे बघत हसले. "शिकवाचंच हाये," म्हणाले.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पडला तो चुकीच्या जागी. चहा न पिणारा हा माणूस गावी खासगी शिकवणी काढून पैसे करणार, असं मी ठरवून टाकलं, आणि शाळेच्या जिवावर मोठा झालेला मास्तर आता दुकान मांडतोय म्हणून मनातून चिडलेसुद्धा. कागद 'पेंडिंग' लिहिलेल्या फाईलमध्ये घातला आणि फाईल ड्रॉवरमध्ये. कुणाला शिकवायचं आहे, एवढे तीन शब्द मी विचारले नाहीत.

परीक्षा झाली, निकाल उत्तम लागला, माझ्या खांद्यावर शाल आली. मग मी म्हटलं, नवीन शिक्षक मिळू द्या. खरं सांगायचं तर मी नवीन शिक्षक शोधतच नव्हते. दर महिन्याच्या एक तारखेला सर दारात उभे राहायचे. "मॅडम, ते फाईलीतलं..." "पाहते हं." चौदा वेळा ते आले. चौदा महिन्यांनी, ड्रॉवर आवरताना, कागद पिवळा पडू लागलेला दिसला तेव्हा कुठे मी तो पाठवला. निरोपाच्या दिवशी आम्ही घड्याळ देणार होतो. सर म्हणाले, "घड्याळ नको, स्टोअररूममधला जुना गुंडाळी फळा द्या अन् खडूची एक पेटी." मी शेजारच्या बाईंच्या कानात म्हटलं, "बघा, शिकवणीचं सामानही फुकटात."

गेल्या हिवाळ्यात बेल्याकडे एका विद्यार्थिनीच्या घराची वास्तुशांत होती. जेवण झाल्यावर तिथल्या कुणीतरी सरांचं घर दाखवलं. अंगणात दोन शेळ्या, भिंतीवर आमचा गुंडाळी फळा, आणि त्यावर सुपाएवढा 'क'. जवळ गेले तर तो खडूचा नव्हता, सुतळी चिकटवून केलेला होता. फळ्यासमोर पाटावर बसलेली एक म्हातारी त्या सुतळीवरून बोट फिरवत होती. सरांची मोठी बहीण. आई लवकर गेली तेव्हा हिने लोकांच्या शेतात कापूस वेचून भावाला शिकवलं आणि स्वतः शाळेचं तोंड पाहिलं नाही. रविवारी सर येऊन शिकवायचे ते पुढच्या रविवारपर्यंत पुसलं जायचं. शहरात राहायला ये म्हटलं तर ती म्हणायची, शेळ्या कोण पाहील? म्हणून सरांनी तिला कबूल केलं होतं, की मीच लवकर घरी येतो आणि रोज शिकवतो.

"कोन आलं, बापू?" तिने विचारलं. शेजारी बसलेले सर माझं नाव सांगून चहा टाकायला आत गेले, आणि तिचा चेहरा उजळला. "तुमीच का त्या मोठ्या बाई? बसा, बसा. बापू मले सांगे, बाई मले सोडूनच नाई राह्यल्या, मायाबिगर शाळा चालत नाई म्हनते. मी साऱ्या गावाले सांगो, माया भावाले कशी इज्जत हाये."

तीच पुढे सांगू लागली, सहज, शेळीबद्दल सांगावं तशी. "डाक्टर म्हने, डोळ्याले दोन वर्सं उजेड हाये, जे पाहाचं ते पाहून घ्या. तवाच बापूनं तुमच्याकडं कागद देल्ला. आला तवा थोडं दिसे. माया डोळ्यानं मी मायं नाव वाचलं, एकडाव. मंग अंधारलं. पन बोटं हायेत नं, बाई. अर्धी बाराखडी झाली."

दोन वर्षांचा उजेड, आणि त्यातले चौदा महिने माझ्या ड्रॉवरमध्ये होते.

सर आतून चहा घेऊन आले. दूध घट्ट, साखर भरपूर, वर आलं. मी तो कसाबसा संपवला तर त्यांनी न विचारता दुसरा ओतला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "सर, दोन तास झाले."

"आता कायचे तास, मॅडम? प्या."

मला क्षमा मागायची होती. पण बहीण समोर बसली होती, आणि ते चौदा महिने तिच्या लेखी भावाचा मान होते. सरांनी तो कसा बांधून दिला असेल तिला! मी खरं बोलले असते तर माझं ओझं हलकं झालं असतं आणि तिचा मान गेला असता. सरांनी माझ्याकडे पाहून मान किंचित हलवली. "चहा छान झालाय," एवढंच म्हणून मी उठले.

तेव्हा अनय, तुझे फायदे-तोटे. साठव, जरूर साठव. कॉफी सोडलीस तर लोक हसतील, हसू दे. पण कशासाठी साठवतो आहेस ते एका तरी माणसाला सांगून ठेव, आणि ज्याच्यासाठी साठवतो आहेस त्याला थोडं आधीच देत जा, कारण तारीख तू ठरवलीस तरी ड्रॉवर दुसऱ्याचा असतो. सरांनी मला सांगितलं असतं तर मी त्यांना सोडलं असतं का, असं तू विचारशील. समोर निकाल होता, शाल होती. मला खात्री नाही. हेच मला सगळ्यात जास्त लागतं. आणि रेवा, दादाला हसू नकोस बाळा. त्याला विचार.

बहिणीच्या एका डोळ्याला अजून जरासा उजेड कळतो. तो टिकावा म्हणून थेंब न्यायला सर महिन्यातून एकदा आदिलाबादला येतात. बसस्टँडवरून अजून चालतच येतात. मी माझ्या घराच्या फाटकात उभी राहते आणि त्यांना चहासाठी आत बोलावते. आता ते नाही म्हणत नाहीत. त्यांच्या हिशोबाने मी त्यांचे चौदा महिन्यांचे दहा हजारांवर तास उधळले. आजवर नऊ कप झालेत.