सायकल तुळसाच्या पसंतीची

गवळी गल्लीतल्या आकारामला तंबाखूचं व्यसन नव्हतं, पत्त्यांचं नव्हतं, दारूचा तर वासही त्याला सोसत नसे. त्याला व्यसन होतं ते दुसऱ्याचं मत घेण्याचं. शर्टाचं कापड घ्यायचं तरी चौघांना दाखवून, डॉक्टर बदलायचा तरी तालमीच्या कट्ट्यावर चर्चा करून. आणि कोल्हापुरात मत मागायचं म्हणजे काय विचारता! इथं न मागता पोतंभर मिळतं, मागितल्यावर तर लोक घरपोच आणून देतात. एकदा दाढ दुखत होती म्हणून आकारामनं कट्ट्याला विचारलं. कट्ट्यानं एकमतानं डावीकडची दाढ काढायला लावली. दुखरी उजवीकडची होती, ती अजून तोंडात आहे. पण सवय काही सुटली नाही.

पन्नाशी उलटलेल्या या माणसानं जन्मात एकच गोष्ट कुणाला न विचारता घेतली, असं तो स्वतःच छाती काढून सांगायचा. ती म्हणजे तुळसा, त्याची म्हैस. कोडोलीच्या एका शेतकऱ्याकडून आणली तेव्हा नुसती हाडं आणि कातडं होती. "कोन हात लावत नव्हतं तिला. म्या डोळं बघितलं आन् म्हटलं, हीच!" हे तो सांगायला लागला की आत त्याची बायको झुंबरबाई भांडी जरा जास्तच जोरात आपटायची. आकारामला वाटायचं, बाईचा हातच जड आहे.

आता ही तुळसा काय चीज होती ते पाडव्याला बघावं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू, अंगावरचे केस भादरून नक्षी. मालक मोटारसायकलीचा सायलेन्सर काढून, अख्ख्या पेठेचे कान किटवत पुढं, आणि म्हैस त्याच्या मागं उधळत. दोरी नाही, काठी नाही. म्हैस किती इमानानं मागं येते त्यावर मालकाची वर्षभराची पत ठरते. माणूस घरात म्हाताऱ्या बापाला पाणी विचारत नसला तरी चालतं. म्हैस मागं आली की तो देवमाणूस. आणि तुळसा तर आजवर एकदाही चुकली नव्हती.

त्या वर्षी दसरा झाला आणि आकारामच्या मोटारसायकलीनं मान टाकली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या आणि मागच्या हुकाला कायम लोंबणारी एक चेपलेली जुनी किटली, असा संसार घेऊन ती कितीतरी वर्षं धावली होती. त्या चेपक्या किटलीत आता दूध राहत नसे, पण ती काढायला आकारामला कधी सवड झाली नव्हती. पाडव्यालासुद्धा तो तिच्यावर झेंडूची माळ टाकून वेळ मारून न्यायचा. मेकॅनिकनं इंजिन उघडलं, बघितलं आणि न बोलता परत झाकलं. नवी गाडी घेण्याची सोय नव्हती, कारण नुकतेच गोठ्यावर नवे पत्रे घालण्यात पैसे गेले होते. त्यात डॉक्टरनं रक्तातली साखर बघून सांगितलेलं, सायकल चालवा. मग आकारामनं ठरवलं, गिअरची सायकल घ्यायची. आणि ठरवल्याबरोबर तो कट्ट्यावर गेला.

कट्ट्याचा कायमचा अध्यक्ष बाळासो. त्याच्या गोठ्यात आठ म्हशी, मनगटावर जाड कडं आणि विषय कुठलाही असो, शेवटचा शब्द त्याचा.

"सायकलीमागं म्हस पळवनार?" बाळासो म्हणाला. "आरं, आदी कोंबडी तरी येती का बघ!"

कट्टा पोट धरून हसला. आकाराम सहसा चिडत नसे, पण तुळसाचा विषय निघाला की त्याचं डोकं फिरायचं.

"माझी तुळसा गाडीमागं न्हाय येत. माझ्यामागं येती."

"व्हय? मग लाव पैज. पाडव्याला सायकलीमागं आली तर माझी मोटारसायकल तुझी. न्हाय आली तर तुळसा माझ्या गोठ्यात."

तुळसावर बाळासोचा कधीपासून डोळा होता, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. आकारामलाही होतं. तरी तो "लावली!" म्हणून बसला. चारचौघांत दिलेला शब्द, मागं कसा घेणार?

आणि मग त्यानं काय करावं? ज्याच्याशी पैज लावली त्यालाच दुसऱ्या दिवशी सायकल निवडायला सोबत घेऊन गेला. का, तर बाळासोला गाड्यांतलं कळतं! अशा माणसाला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

निघताना झुंबरबाई उंबऱ्यातून म्हणाली, "किटल्या अडकवायला जागा तेवडी बघा. बाकी काय बी घ्या."

"तुला काय कळतंय सायकलीतलं!" असं म्हणून आकाराम गेला.

चमनभाईचं सायकलींचं दुकान बापापासूनचं. त्यांनी दोघांना स्टुलं दिली, चहा सांगितला आणि विचारलं, "बोला दादा, कशी पायजे?"

"रस्त्याला चालंल, शेताच्या चिखलात चालंल, जोतिबाचा डोंगर चढंल, दोन किटल्या दूध वाहील," आकारामनं सांगितलं, "आन् मागं म्हस पळंल. फक्त स्वस्तात पायजे."

चमनभाईंनी चष्मा काढून पुसला. "दादा, एवढं सगळं आमच्या जावयात बी न्हाय. आन् त्यो तर लई महाग पडलाय."

तरी त्यांनी तीन सायकली बाहेर काढल्या. पहिलीचे टायर इतके जाड की ट्रॅक्टरची धाकटी बहीण वाटावी. दुसरीला पुढं स्प्रिंगा, एकवीस गिअर आणि अंगभर चकचकीत स्टिकर. तिसरी आपली राखाडी, ना स्प्रिंग ना थाट, गिअरही मोजकेच.

आकारामला खरेदीची एकच पद्धत ठाऊक होती, म्हशीच्या बाजारातली. त्यानं तिन्ही सायकलींना फेरी मारली, सीटवर थापट्या दिल्या, टायर दाबले, वाकून पोटाखाली बघितलं. मग खांद्यावरचा टॉवेल चमनभाईंच्या हातावर टाकला आणि त्याखाली त्यांची बोटं दाबून भाव सांगायला लागला.

"दादा, हात सोडा," चमनभाई हळूच म्हणाले. "लोकं बघालेत."

बाळासोचं मत तयारच होतं. "जाड टायरची घे. पाडव्याला उठून दिसंल. नाद खुळा!" ती सगळ्यांत जड होती, हे त्यानं उचलून बघितलं होतं. बोलला मात्र नाही.

नेहमीचा आकाराम असता तर तिथंच पैसे काढून मोकळा झाला असता. पण तुळसा डोळ्यांपुढं उभी होती. म्हैस घेताना आपण चालवून बघतोच की, असं म्हणून त्यानं तिन्ही सायकली आळीपाळीनं दुकानापलीकडच्या चढावर घातल्या. जाड टायरवाली निम्म्यात आली आणि आकाराम उतरून कठड्यावर टेकला. एकवीस गिअरवालीची चेन दोनदा पडली. राखाडी मात्र कुरकुर न करता वरपर्यंत गेली, आणि आकाराम वर पोचल्यावर चक्क हसत होता.

"ह्या पैशात स्प्रिंग म्हंजे नुसतं वजन, दादा," चमनभाई म्हणाले. "आन् हिला मागं ही भोकं हायत बघा. कॅरिअर बसतंय. त्या जाडीला बसत न्हाय."

आकारामला झुंबरबाईची किटली आठवली असेल की नाही, देव जाणे. पण त्यानं राखाडी घेतली. बाळासोनं तोंड वाकडं केलं. "हिला बघून म्हस न्हाय, शेळी बी यायची न्हाय."

सायकल मात्र गुणाची निघाली. भल्या पहाटे दूध, दुपारी कळंब्याच्या रानातनं वैरण, सगळं त्या कॅरिअरवर. एका रविवारी तर आकाराम जोतिबाचा डोंगर चढून कपाळभर गुलाल लावून आला. निम्मा चालवत, निम्मा ढकलत. कट्ट्यावर सांगताना अर्थात सगळा चालवत.

फक्त एक काम जमेना. रोज दुपारी किटल्या उतरवून, सायकल मोकळी करून तो तुळसाला रस्त्यावर आणायचा आणि "चल गं बया!" म्हणून पायडल मारायचा. तुळसा जागची हलायची नाही. रवंथ करत त्याच्याकडं बघायची, ह्यो कोण पावणा म्हणून. पहाटे त्यानं सायकलीला किटल्या अडकवल्या की मात्र दावं ताणून ताणून रेकायची. आकारामनं त्याचा अर्थ लावला की तिला सायकलीचा राग येतोय.

त्यानं कट्ट्याला विचारलं. एक म्हणाला, मोबाइलवर मोटारसायकलीचा आवाज लाव. लावला. तुळसानं शेण टाकलं. बाळासो म्हणाला, "ते कॅरिअर काढ आदी. काय ती अवकळा! सायकल मोकळी दिसली पायजे." आकारामनं पाडव्याच्या आदल्या दिवशी कॅरिअरही काढलं.

"कशाला काढताय? ऱ्हाऊ द्या की किटल्या," झुंबरबाई म्हणाली.

"पाडव्याला किटल्या? शोभतंय व्हय? तुला काय कळतंय!"

 आत भांडी जोरात वाजली.

पाडव्याला गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. हलगी कडाडत होती, मोटारसायकली धूर ओकत होत्या, एकेक म्हैस मालकामागं उधळत जात होती आणि शिट्ट्यांवर शिट्ट्या पडत होत्या. आकारामची पाळी आली. भगवा फेटा, पांढरा सदरा आणि खाली राखाडी सायकल. तुळसा तर अशी नटली होती की नवरीनं लाजावं.

"चल गं बया!" आकाराम निघाला. दहाएक हात पुढं जाऊन वळून बघितलं. तुळसा जाग्यावर.

लोक हसले. तो परत आला, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि पुन्हा निघाला. तुळसा पुन्हा जाग्यावरच. तेवढ्यात बाळासोनं आपल्या मोटारसायकलीला किक मारून आवाज काढला आणि तुळसानं तिकडं मान वळवली. मग काय, अख्खी गल्ली ओरडायला लागली. बाळासो दावं हातात घेऊन पुढं आला. "आन गड्या. शब्द म्हंजे शब्द."

 आकारामला रडू फुटलं होतं आणि एवढ्या लोकांसमोर फेट्याच्या टोकानं डोळे पुसायचीही चोरी झाली होती. तुळसा उद्या दुसऱ्याच्या गोठ्यात, आणि ती घालवली ती आपणच, आपल्या तोंडानं, हे त्याला तिथं उभ्या उभ्या कळलं.

गर्दी बाजूला सारत झुंबरबाई आली. जरीचं लुगडं नेसलेली, हातात ती चेपलेली किटली. मेलेल्या मोटारसायकलीच्या हुकावरून काढून आणलेली. तिनं ती सायकलीच्या हँडलला अडकवली आणि नवऱ्याकडं वळली.

"अवो, ती तुमच्यामागं बी येत नव्हती आन् गाडीमागं बी न्हाय. किटली वाजली की धार, आन् धारंला पुढ्यात खायला आंबोण, एवडंच तिला म्हायती! रोज पहाटं दावं तोडाय बघती, दिसत न्हाय? समद्या कोल्हापूरला इचारलं, घरात इचारायला काय झालतं? आन् आता चारचौघांत सांगते, तुळसाला बी म्याच निवडलीती. तुमी त्या वाकड्या शिंगाच्या म्हशीचा इसार द्यायला निघालता!"

 हलगीवालासुद्धा थांबला.

आकाराम सायकलीवर बसला. पायडल मारलं. किटलीचं झाकण खडखडलं, आणि तुळसानं कान टवकारले. पुढच्या क्षणाला ती अशी निघाली की बाळासो दाव्यासकट गटारीच्या कडेला उडी मारून वाचला. आकाराम पुढं, किटली खडखड करतेय, मागं तुळसा, घुंगरू, कवड्या, धूळ. गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि त्याच्या पाठीला नाक लावून थांबली. इमान बिमान म्हणा हवं तर. ती किटलीत तोंड घालायला बघत होती.

परत आल्यावर कट्ट्याची मतं एका मिनिटात फिरली. आपण पहिल्यापासून हेच सांगत होतो, असं प्रत्येकाचं म्हणणं पडलं. बाळासोनं तोंड पाडून मोटारसायकलीची किल्ली पुढं केली. "घे. पैज ती पैज."

आकारामनं सवयीनं कट्ट्याकडं बघितलं. तोंडही उघडलं होतं, घिऊ का न्हाय म्हणून विचारायला. मग ते मिटलं. तो वळला आणि सगळ्यांच्या देखत झुंबरबाईला म्हणाला, "काय करू गं? घिऊ?"

झुंबरबाईनं लगेच उत्तर दिलं नाही. उभ्या संसारात पहिल्यांदाच तिला कुणी विचारलं होतं. ती जरा वेळ घेणारच.