नवरदेवाच्या मनगटावरचं घड्याळ

आमच्या भागात मुलाकडचे लोक आता काही मागत नाहीत, सुचवतात. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी हुंडा नको म्हटलं, मानपान नको म्हटलं, आणि आठवडा उलटायच्या आत नानांच्या मोबाइलवरून आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोबाइलवर एका घड्याळाचा फोटो आला. खाली नानांनी लिहिलं होतं, ‘पोराला असलं आवडतंय. टिळ्याला हेच घालू.’

नाना म्हणजे माझे सख्खे चुलते. हे स्थळ त्यांनीच आणलेलं. मुलगा सांगलीकडचा, घर नदीकाठचं, बारमाही उसाचं. आम्ही माणचे. आमच्याकडे पाऊस घाईतल्या पाहुण्यासारखा येतो, चहासुद्धा न घेता जातो. त्यामुळे बागायतदाराच्या घरात माणची पोरगी जाणार, याचं नानांना माझ्यापेक्षा जास्त कौतुक होतं. साखरपुड्यात मुलीची ओटी भरून झाली की मुलीचा बाप नवरदेवाला टिळा लावतो, कपडे देतो आणि मनगटात घड्याळ बांधतो. काय दिलं ते माइकवरून सगळ्या मांडवाला पुकारून सांगायचं, ही आमची जुनी खोड. आणि गावातला माइक कायम नानांच्या हातात.

फोटोतलं घड्याळ मला आवडलं, हे खोटं कशाला सांगू. पातळ, पांढरी तबकडी, आकडे नाहीत, नुसत्या बारीक रेघा. काळा चामडी पट्टा. सेकंदाचा काटासुद्धा नाही. मी तेव्हा कराडला एका पतसंस्थेत नोकरीला होते. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता त्या घड्याळाचं नाव मोबाइलवर शोधलं आणि किंमत बघून डबा मिटला. आधी वाटलं, डझनाची किंमत असेल. मग वाटलं, दुकानाची असेल. आमच्या दारातला ट्रॅक्टर विकला असता तर त्यातून फार तर त्याचा पट्टा आला असता.

संध्याकाळी फोन करून आबांना सांगितलं. आबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बोलणं कमी, आणि बोलले की ऑर्डर.

“नाना शब्द देऊन बसलाय,” ते म्हणाले. “त्यानं दिला म्हंजी मी दिला.”

“आबा, आवं पर त्या पैशात...”

“आईच्या गुडघ्याच्या आपरेशनची ठेव हाय न्हवं. ती मोडतो. जेवढी येईल तेवढी.”

फोनवर मागून आईचा आवाज आला, “मला काय धावायचंय? मोडा की.” आईला तेव्हा उंबरा ओलांडायला भिंतीचा आधार लागायचा. मला तिचा आणि आबांचा, दोघांचाही राग आला. आणि सगळ्यात जास्त राग आला त्या मुलाचा, ज्याला मी तोवर एकदाच पाहिलं होतं आणि जो मला, काय सांगू, बरा वाटला होता.

मी म्हटलं, “ठेव मोडू नका. साखरपुड्याच्या आत मी घड्याळ आणते. असंच दिसणारं, आपल्या खिशातलं.”  आबा म्हणाले, “नाही मिळालं, तर ठेव मोडणार.”

असा तो शोध सुरू झाला. कराडच्या दुकानदाराला मी फोटो दाखवला. त्याने तो नीट पाहिलासुद्धा नाही. “जावयासाठी ना? मग हे बघा,” म्हणत त्याने थाळीएवढं घड्याळ काढलं. आत तीन लहान तबकड्या, भोवती आकडे, खाली तारीख, वर सोनेरी चमक. “दिसलं पाहिजे ताई. मांडवात मागच्या रांगेपर्यंत दिसलं पाहिजे.” दुसऱ्या दुकानातही तेच, तिसऱ्यातही तेच. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की स्वस्त घड्याळात खूप काही असतं. एवढे पैसे मोजून माणूस विकत घेतो ते काहीही नसलेलं घड्याळ. हे आबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग रिकामं मनगट काय वाईट?

रोज बसमध्ये मी मोबाइलवर घड्याळंच बघत होते. पातळपणा किती, तबकडी किती रुंद, पट्टा बदलता येतो का. शेजारच्या बाईचं मनगट दिसलं तरी नजर तिथे जायची. घरून फोन आला की आबा विचारायचे एवढंच, “मिळालं?” आणि मी नाही म्हटलं की ते “बरं” म्हणायचे. त्या ‘बरं’मध्ये मला बँकेची पायरी चढणारे आबा दिसायचे.

शेवटी सुट्टी काढून सांगलीला गेले. खरं तर जायची हिंमत नव्हती. सासरच्या कुणी पाहिलं तर? होणारी सून स्वस्तातलं घड्याळ शोधत बाजारात फिरते, ही बातमी माझ्याआधी घरी पोचली असती. तोंडाला ओढणी गुंडाळून फिरले. स्कूटरवरच्या पोरी तशाच फिरतात, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. एका जुन्या दुकानात मालकाने फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “नाव पायजे का घड्याळ पायजे?”

“घड्याळ,” मी म्हटलं.

त्याने खालच्या खणातून एक काढलं. जपानी. सायीच्या रंगाची तबकडी, बारीक रेघा, तपकिरी पट्टा. फोटोतल्याएवढं पातळ नव्हतं, सेकंदाचा काटाही होता. पण तोच शांतपणा होता. सेल नाही, हाताच्या हालचालीवर चालणारं. “घालायचं सोडलं की थांबणार,” तो म्हणाला. “हलवलं की परत सुरू. मग वेळ लावून घ्यायची.” किंमत माझ्या पगारात बसत होती, ठेवीला हात लावायची गरज नव्हती. दुकानाबाहेर येऊन मी उसाचा रस प्यायले आणि कितीतरी दिवसांनी मला नीट श्वास घेतल्यासारखं वाटलं.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी गावी पोचले, तर सोप्यात नाना बसलेले आणि त्यांच्या पुढ्यात एक डबी. डबीत फोटोतलंच घड्याळ. तंतोतंत. नावसुद्धा तेच. मी आणलेलं जपानी घड्याळ त्याच्याशेजारी ठेवलं.

“फर्स्ट कॉपी,” नाना म्हणाले. “मुंबैस्नं मागवली. बापजन्मात वळखू येणार न्हाई. ह्या पोरीचं ते जपानी ठिवा पेटीत.”

“नाना, हे खोटं हाय.”

“आगं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मांडवात कोण भिंग घिऊन बसणार हाय?”

“ज्याला घालायचंय त्याला कळंल की!”

“तो बोलंल व्हय? त्याचीबी अब्रू हाय त्यात.”

आबा दोन्ही घड्याळं समोर ठेवून बसले होते. त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या नावाकडे जात होती आणि मला भीती वाटली. माझा बाप मोहात पडतोय, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मला राहवलं नाही.

“आबा, दुसऱ्याचं मेडल तुमी छातीला लावलं असतं का?”

 स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. आबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता कानाखाली बसणार. वय झालं तरी त्यांचा हात जड होता. त्यांनी नानांची डबी उचलली, बंद केली आणि नानांच्या मांडीवर ठेवली.

“पोरगी म्हणती ते घालायचं,” ते म्हणाले. “आन माइकवर नुसतं ‘घड्याळ’ म्हणायचं. कळलं?”

नाना उठले. “माझं नाक कापलं तर मग मला बोलू नका,” म्हणत चपला घालून गेले.

साखरपुड्याच्या सकाळी आईने डबी उघडली आणि किंचाळली. काटे थांबलेले. आमच्याकडे बंद पडलेलं घड्याळ घरात ठेवत नाहीत, मग जावयाच्या हातात कोण बांधणार! आबा पांढरेफटक पडले. मी अर्धवट नेसलेल्या साडीत धावत गेले, घड्याळ घेतलं आणि झुलवलं. सेकंदाचा काटा चालू लागला. आईने देवापुढे हात जोडले. वेळ लावणार, तेवढ्यात दारात गाड्यांचे दरवाजे वाजले. पाहुणे आले होते. डबी मिटून मी आबांच्या हातात दिली.

मांडव भरला. पाटावर बसवून माझी ओटी भरली गेली. पदरात तांदूळ, नारळ, खारका, हळकुंडं, सुपारी. जड पदर दोन्ही हातांनी धरून बसले. समोर नवरदेव बसला होता. आबांनी टिळा लावला, कपडे दिले, मग घड्याळ बांधायला घेतलं. पट्ट्याचं भोक काही केल्या सापडत नव्हतं. माझं सगळं लक्ष त्यांच्या बोटांवर, आणि नेमका तेव्हाच माइक खरखरला.

“मुलीच्या वडिलांकडून नवरदेवाला,” नानांचा आवाज चढला, “खास स्वित्झर्लंडहून आलेलं...” आणि त्यांनी त्या कंपनीचं नाव घेतलं. फोटोतलं नाव. तेसुद्धा दोनदा.

मांडव टाळ्यांनी दणाणला. मुलाचे वडील खुर्चीत सरसावून बसले, शेजारच्याला कोपराने ढोसलं. आबा तसेच वाकलेले, पट्टा हातात, मान खाली. आणि नवरदेवाने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. त्याच्यासमोर माझा बाप खोटा ठरत होता, आबांचा काही दोष नसताना, भर मांडवात.

ओटी भरलेली मुलगी मध्येच उठत नाही. मी उठले. पदर दोन्ही हातांनी आवळून, तरी एक हळकुंड खाली पडलंच.

“नाना, चुकीचं सांगितलं तुमी,” मी म्हटलं. माइकची गरज नव्हती, माझा आवाज तसा मोठाच आहे. “घड्याळ जपानचं हाय. मी सांगलीतनं आणलंय, माझ्या पगारातनं. आबांनी कुणाला फसवलं न्हाई.”

 बाहेर गाड्यांपाशी कुणीतरी हसत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं. मुलाचे वडील म्हणाले, “म्हंजी? आमाला सांगिटलं येक आन...” ते उठू लागले. आई दाराची चौकट धरून उभी होती. मला स्पष्ट वाटलं की मोडलं. लग्न मोडलं, ते मी माझ्या तोंडाने मोडलं, आणि आता आयुष्यभर आबा काही म्हणणार नाहीत, नुसतं ‘बरं’ म्हणतील.

नवरदेवाने आबांच्या हातातून पट्टा सोडवून घेतला. घड्याळ मनगटावरून काढलं. कुणीतरी बाई “आगं बया” म्हणाली. आबांनी ते परत घ्यायला हात पुढे केला. खरंच केला. तो रिकामा पसरलेला हात मला आजही दिसतो.

त्याने घड्याळ दिलं नाही. जवळ धरून निरखलं, बाजूची चावी नखाने बाहेर ओढली आणि आबांकडे बघून विचारलं, “मामा, टाइम काय झाला?”

आबांना पटकन उमगलं नाही. मग त्यांनी बाही सरकवली. त्यांच्या हातात फौजेच्या कँटीनमधून घेतलेलं जुनं स्टीलचं घड्याळ असायचं, काचेवर चरे पडलेलं. त्यांनी वेळ सांगितली. त्याने काटे फिरवून त्या वेळेला लावले, चावी दाबली, घड्याळ पुन्हा मनगटावर ठेवलं आणि हात आबांपुढे धरला.

“बांधा,” तो म्हणाला.

या वेळी भोक लगेच सापडलं. मुलाचे वडील अर्धवट उठलेले होते ते तसेच खाली बसले. नानांनी माइक बंद केला. त्यांच्या आयुष्यात तो त्यांनी आपणहून बंद केल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

सगळं लगेच गोड झालं असं मात्र नाही. सासरे पुढे वर्षभर पाहुण्यांसमोर ‘आमचं जपानी घड्याळ’ म्हणून टोमणे मारत राहिले. फोटोबद्दल मी नवऱ्याला लग्नानंतर विचारलं. तो म्हणाला, नानांनी विचारलं कसलं घड्याळ आवडतं, मी आवडतं ते पाठवलं, मागितलं थोडंच होतं! मी म्हटलं, हेच तेव्हा फोन करून सांगायला काय तोंड शिवलं होतं?  आईचं गुडघ्याचं ऑपरेशन त्याच वर्षी दिवाळीनंतर झालं.

एक गोष्ट त्याला उशिरा कळली. आबा त्यांचं घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे ठेवतात. फौजेची सवय, वेळेवर पोचलेला माणूस त्यांच्या हिशेबी उशिराच पोचतो. मांडवात त्यांनी सांगितली ती वेळ चुकीची होती. मी हे सांगितलं तेव्हा तो घड्याळ काढून रात्रीचं कपाटावर ठेवत होता. 

“राहू दे,” म्हणाला.

ते घड्याळ अधूनमधून थांबतं. आजारपणात, सुट्टीत, चार दिवस हातात घातलं नाही की. मग तो ते झुलवतो, मोबाइलमध्ये वेळ बघतो, आणि काटे पाच मिनिटं पुढे लावतो.